खदानीचं पाणी खदानीत

अमरावतीला आमच्या वडिलांच्या बैठकीत, पक्षकारांच्या चपलांच्या साक्षीनं, एकदा असं ठरलं की मला यंत्रांची आवड आहे. पुरावा एकच होता. मी भिंतीवरचं घड्याळ उघडलं होतं. ते पुन्हा कधी चाललं नाही, हा मुद्दा विरुद्ध पक्षानं मांडायला हवा होता. पण विरुद्ध पक्ष मीच होतो आणि मी गप्प बसलो. इंटर सायन्सला मी दोनदा आपटलेला. त्यामुळे वडिलांच्या एका पक्षकारानं, अकोल्याच्या एका खदानमालकानं, "पोराले माह्याकडे पाठवून द्या, एक इंजन घेतलं हाये, थ्याच्यावर नजर ठेवाले कोनी नाही," असं म्हटल्यावर मला कोणी काही विचारलं नाही. आईनं तेवढी अकोल्याच्या उन्हाची चौकशी केली.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवंकोरं होतं. जिकडंतिकडं रस्ते करायची घाई. रस्त्याला गिट्टी लागते, गिट्टीला काळा दगड लागतो, आणि गावाबाहेरच्या त्या खदानीत तो पोटभर होता. फक्त पावसाळा संपला की तो पाण्याखाली असायचा. खदान म्हणजे उलटा डोंगर. वरून खाली मोठमोठे टप्पे, राक्षसाच्या पायऱ्यांसारखे, आणि मधोमध तळ. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा तळ नव्हताच. हिरवट पाणी, त्यावर एक तुटकी टोपली, आणि काठावर विचार करत बसलेला बगळा.

वरच्या टप्प्यांचा दगड संपत आला होता. चांगला दगड तळाशी. दरवर्षी पाऊस उघडला की दगडफोड्यांची एक टोळी गाढवांवर संसार लादून यायची आणि खदानीच्या काठाला पालं टाकायची. टोळीचा मुकादम म्हणजे आडव्या बांध्याचा, कमी बोलणारा माणूस. पण त्या वर्षी तो माझ्यासमोर मालकाला स्पष्ट बोलला. दिवाळीच्या पाडव्याला सकाळी तळ कोरडा दिसला तर टोळी राहील, नाहीतर मूर्तिजापूरकडचा एक ठेकेदार वाट पाहून राहिला आहे, तिकडं जाईल. टोळी गेली तर वर्षाचं काम गेलं, हे मालकाला माहीत होतं. तो माझ्याकडं वळून म्हणाला, "तळ दिसला तर तुमी सुपरवायझर. नाही दिसला तर तुमी वकिलाचं पोरगं."

पाणी उपसायचं इंजन वरून दुसऱ्या टप्प्यावर बसवलेलं होतं. तेलावर चालणारं, दोन मोठ्या चाकांचं. त्याच्या चाकावरून एक पट्टा पंपावर गेलेला. आणि त्याच्याशेजारी त्याचा इंजनवाला. हा आधी कापसाच्या एका जिनात होता, आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीवर त्याचं मत तयार असायचं. इंजन म्हणजे घरजावई, असं त्यानं मला पहिल्याच दिवशी बजावलं. त्याला तेल पाहिजे, कौतुक पाहिजे, आणि घाई केलेली त्याला खपत नाही.

हे सांगून तो पान आणायला गेला, आणि मी घाई केली.

हँडल कसं मारतात ते मी पाहिलं होतं. तिसऱ्या झटक्याला इंजन सुरू झालं, आणि त्याच्याइतकंच आश्चर्य मलाही वाटलं. पट्टा फिरला, पंप घुमायला लागला. टोळीतल्या बाया, पोरं, दोन गाढवं असा समुदाय पाणी पाहायला जमला. वर नाल्याच्या काठाशी जिथं पाइपाचं तोंड होतं तिथं मी चढून गेलो आणि विहिरीत वाकावं तसा पाइपात वाकून पाहत राहिलो. आत अंधार. पाणी नाही. बराच वेळ नाही. मग जळका वास आला आणि मागोमाग इंजनवाल्याची आरोळी.

"पंपाले पाणी पाजल्याबिगर कावून चालू केलं? उपाशीपोटी भजन म्हणते काय कोनी?"

त्यानं इंजन बंद केलं आणि पंपाच्या डोक्यावरच्या पेल्यातून बादलीनं पाणी ओतायला सुरुवात केली. ते राहीचना. पाण्यात सोडलेल्या पाइपाच्या टोकाला एक झडप असते. पाणी वर येऊ देते, खाली जाऊ देत नाही. ती गळत होती. इंजनवाल्यानं मुकादमाच्या पोराला शेण आणायला पिटाळलं, ते पाण्यात कालवून पंपाला पाजलं, आणि थोड्या वेळानं झडपेच्या फटी बुजल्या. माझ्या इंटर सायन्सच्या पुस्तकात पंपाची आकृती होती, तिला अ, ब, क अशी अक्षरंही दिलेली होती. पण शेण कुठंच नव्हतं. दरम्यान मी पुन्हा वर जाऊन पाइपात डोकं घातलं होतं. पाणी आलं ते थेट माझ्या तोंडावर, आणि खदानीचं पाणी म्हणजे पाणी नव्हे, पातळ दगड. अमरावतीहून आणलेला एकुलता एक पांढरा सदरा त्या दिवसापासून कायमचा राखाडी झाला. त्यानंतर टोळीतली पोरं मला सुपरवायझर म्हणायच्या आधी थोडी थांबायची, हसू आवरायला.

पण मला त्या पंपाचं वेड लागलं, ते तेव्हापासून.

मी आजवर समजत होतो की पंप पाणी ओढतो. ओढत बिढत काही नाही. पंपाच्या पोटात एक चक्र असतं, ते पोटातलं पाणी गरगरा फिरवून बाहेर भिरकावतं. पोट रिकामं झालं की बाहेरची हवा, जी खदानीतल्या पाण्यावर उगीच बसलेली असते, ती आपल्या वजनानं ते पाणी पाइपातून वर ढकलते. लहानपणी एरंडाच्या पोकळ देठानं आम्ही हौदातलं पाणी प्यायचो, तेव्हाही पाणी ढकलायला हवाच होती, श्रेय मात्र आमच्या गालांना मिळायचं. आणि हवेच्या अंगात बळ तरी किती? तीनेक पुरुष उंचीपर्यंत ती पाणी चढवते, पुढं हात टेकते. पंप भिरकावील कितीही वर; पण स्वतः त्याला पाण्याच्या जवळच बसावं लागतं. म्हणून पाणी उतरलं की पंपानंही उतरायचं. एक टप्पा पाणी खाली गेलं की बैल लावून, लाकडाच्या ओंडक्यांवरून इंजन आणि पंप खालच्या टप्प्यावर न्यायचे. पाण्याच्या मागं मागं पंप, पंपाच्या मागं मागं मी.

आणि तळाच्या कोपऱ्यात एकाला लागून एक असे दोन खड्डे. ते मागच्या वर्षीचे, पाण्याखाली होते, पण इंजनवाला त्यांच्याविषयी माहेराविषयी बोलावं तसा बोलायचा. पहिल्यात पाणी येऊन थांबतं, दगडाची चुरी खाली बसते. नितळ पाणी दुसऱ्यात सांडतं, आणि पाइप तिथं. चुरीसकट पाणी पाजलं तर पंपाचं चक्र महिन्यात झिजून रुपयासारखं गुळगुळीत होतं. मला हे सगळं इतकं आवडलं की मी पाण्याकडं तासन्‌तास पाहत बसायला लागलो. मला पाहून उडणं बगळ्यानं सोडून दिलं होतं.

उपसा जोरात सुरू झाला. पाणी वर नाल्याच्या काठाशी पडायचं आणि कोरड्या नाल्यातून पुढं निघून जायचं. कोरड्या जागी पाणी आलं की माणसं येतात. म्हशी आल्या, पोरं आली, आणि पाठोपाठ वाडीवाली बाई आली. नाल्याच्या पलीकडं वस्ती होती. थोड्याच वर्षांपूर्वी सगळ्या वस्तीनं बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. त्या वस्तीतली ही. नवरा रेल्वेत गँगवर, आणि नाल्याला लागून असलेला जमिनीचा पट्टा ती एकटी पाहायची. वांगी, मिरच्या, थोडी मेथी. तिनं मला फार सरळ प्रश्न विचारला. हे पाणी तुम्हाला नको आहे ना? मी म्हणालो, नको आहे म्हणूनच तर फेकतो आहोत. मग, ती म्हणाली, ते थोडं आमच्यासमोर थांबलं तर तुमचं काय जाते?

मला त्यात काही जाण्यासारखं दिसलं नाही. उलट खूप काही मिळण्यासारखं दिसलं. वस्तीनं एका दिवसात पाइपाच्या तोंडापासून थोडं पुढं नाल्यात माती-दगडाचा बांध घातला. बांधाचं उद्घाटन करायची सूचना कोणाचीच नव्हती, माझीच होती. मी नारळ फोडला, चार शब्द बोललो, पाण्याला जीवन का म्हणतात ते सांगितलं. इंजनवाल्यानं टाळ्या वाजवल्या, त्या मी खऱ्या समजलो. बांधामागं डोह साठला, वाडी हिरवी झाली, आणि नाल्याकाठानं जाताना बाया पदर सावरून म्हणायला लागल्या, "थे पाह्य, पाण्याचे सायेब." घड्याळ मोडल्यापासून एवढा मान मला मिळाला नव्हता.

आणि नेमकं तेव्हापासून खदानीतलं पाणी उतरेना.

आधी मला वाटलं, डोळ्यांचा भास. म्हणून मी भिंतीवर गेरूनं रेघ मारली. दिवसभर उपसा केला की संध्याकाळी पाणी रेघेच्या खाली हातभर. सकाळी येऊन पाहावं तर पाणी रेघेला टेकलेलं, शहाण्या पोरासारखं. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी मी रेघेजवळ बसूनच राहिलो, चोर पकडायला बसावं तसा. चोर आला नाही; पाणी मात्र आलं, आवाज न करता, चहूबाजूंनी, अंगाला घाम यावा तसं.

ज्याची त्याची उपपत्ती तयार होती. इंजनवाल्याच्या मते खालून मोर्णा नदी येत होती, तिला रस्ता सापडला होता. मोर्णा तिथून किती दूर आणि किती खाली, असं विचारलं तर तो म्हणे, नदीले का रस्ता इचारा लागते? मुकादमाच्या मते मागच्या वर्षीच्या सुरुंगानं एखादा झरा फुटला होता. मालकानं आणखी तेल पाठवलं आणि निरोप पाठवला की पंप जास्त वेळ चालवा. आम्ही जास्त वेळ चालवला. पाणी तेवढं जास्त आलं. त्यातून काही बोध घ्यावा इतकी अक्कल आमच्यापैकी एकालाही सुचली नाही.

शेवटी मालकानं शेंदूरजनाघाटाहून एक पाणाड्या बोलावला. संत्र्यांच्या बागांतल्या विहिरी याच्या शब्दावर खणल्या जात. तळहातावर नारळ आडवा ठेवून चालायचं, जिथं नारळ उभा राहील तिथं पाणी. म्हातारा यष्टीतून उतरला, खदानीच्या काठावर आला आणि खाली भरलेलं पाणी पाहून त्यानं नारळ पुन्हा पिशवीत ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला पाणी नको म्हणून कोणी बोलावलं होतं. तरी बिचारा काठानं नारळ घेऊन फिरला. डोह आणि खदान यांच्यामधल्या पट्टीवर नारळ ताडकन उभा राहिला. आम्ही सगळे हसलो. दहा पावलांवर डोह भरलेला. तिथं पाणी आहे हे सांगायला नारळ कशाला पाहिजे? म्हातारा पण आमच्याबरोबर हसला, नारळ तिथंच फोडून त्यानं सगळ्यांना खोबरं दिलं, आणि दुपारच्या यष्टीनं गेला.

मुकादमानं खोबरं खाल्लं आणि मला बाजूला घेतलं. "सायेब, पाडवा जवळ येऊन राहिला. माह्यी मानसं रिकामी बसून राहिली. आमी पान्याच्या भरवशावर बसनारे लोक नाही, दगडाच्या हावो." त्यात धमकी नव्हती. त्याची माणसं खरंच टाचा घासत बसली होती, हातोडे पाण्यात बुडवून दांडे फुगवत होती. मी त्याला म्हणालो, काहीतरी करतो. हे वाक्य मी बैठकीत वडिलांना पक्षकारांशी बोलताना ऐकलं होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी इंजनवाला मला हात धरून खाली घेऊन गेला. माझ्या गेरूच्या रेघेच्या वरती, काळ्या भिंतीच्या एका फटीतून पाणी पाझरत होतं, आणि ते निळं होतं. फिकं नव्हे, चांगलं निळं. दगडावर त्याचे ओघळ उतरले होते.

आम्ही दोघं पाहत राहिलो. मग माझ्या डोक्यात इंटर सायन्सची प्रयोगशाळा उजळली. निळे स्फटिक, काचेची बशी. संत्र्याच्या झाडांवर चुन्यात कालवून मारतात ते मोरचूद, तेच ते. आणि मोरचूद म्हणजे तांबं.

"तांबं आहे," मी म्हणालो.

"तांबं?" इंजनवाल्यानं टोपी काढली.

शास्त्र म्हणजे प्रयोग. मोरचुदाच्या पाण्यात लोखंड बुडवलं तर त्यावर तांब्याचा लाल थर चढतो, हे मला पक्कं आठवत होतं. पेपरात मी तेवढंच बरोबर लिहिलं होतं. मी एक सब्बल, म्हणजे पहार, घेतली, तिचं टोक निळ्या पाण्याखाली धरलं, थांबलो, पुसलं आणि पाहिलं. लालसर थर. ती सब्बल पावसाळाभर पाण्यात पडलेली होती आणि तो गंज होता, हे सांगायला त्या वेळी तिथं कोणी नव्हतं. इंजनवाला होता, पण तो टोपी छातीशी धरून उभा होता.

मालक सायकल रिक्षातून आला, पेढे घेऊनच आला. त्यानं फटीतलं पाणी बोटावर घेतलं, हुंगलं, मला विचारलं, पक्कं? मी म्हणालो, रसायनशास्त्र खोटं बोलत नाही. माझ्याशी ते दोनदा खरं बोललं होतं, ते मी सांगितलं नाही. मालकाचा चेहरा पाहता पाहता खाणमालकाचा झाला. त्यानं मुकादमाला बोलावून पेढा दिला आणि म्हणाला की आता गिट्टीचं काही खरं नाही, तुम्हाला मूर्तिजापूरले जायचं तर सुखानं जा. मुकादमानं पेढा तोंडात टाकला नाही, धोतराच्या सोग्यात बांधला. थोड्या वेळानं पालांच्या काठ्या उपटल्याचा आवाज यायला लागला.

तेव्हा मुकादमाला थांबवावं असं मला पहिल्यांदा वाटलं. पण माझ्यातला जिज्ञासू गडी त्याहून जबर होता. तांब्याची शीर वर कुठपर्यंत जाते, हे मला पाहायचं होतं. फटीचा माग काढत मी टप्प्यावरून टप्प्यावर चढत गेलो, मागं मालक, त्याच्या हातात पेढ्यांचा पुडा, मागं इंजनवाला. फट वर काठापर्यंत गेली. काठावरून म्हाताऱ्याचा नारळ उभा राहिला होता त्या पट्टीत शिरली. पट्टीच्या पलीकडं डोह.

डोहाच्या कडेचं पाणी निळं होतं. काठावर तीन दगडांच्या चुलीवर मोठं भगुणं, त्यातून वाफ येत होती. आणि बाभळींवर, बोरींवर, वाडीच्या काटेरी कुंपणावर, नजर पोचेल तिथपर्यंत, निळी कापडं वाळत घातलेली. दसऱ्याला दीक्षेचा दिवस, घराघरावर झेंडे लागायचे होते. वाडीवाली बाई आणि आणखी चौघीजणी कोपरापर्यंत निळ्या.

"भाऊ, हात नोका लावू," बाई मला म्हणाली, "रंग ओला हाये."

मालकानं झेंड्यांकडं पाहिलं, भगुण्याकडं पाहिलं, मग अगदी शांतपणे म्हणाला, "तांबं वाळू घातलं हाये." आणि पेढ्यांचा पुडा बाईच्या निळ्या हातात देऊन खाली बसला.

मला भूमीनं पोटात घ्यावं असं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त आनंद झाला, कारण इतक्या दिवसांचं कोडं माझ्यासमोर निळ्या अक्षरात लिहिलेलं होतं. काळ्या दगडात भेगा असतात. वरच्या थरात फार असतात. डोह ज्या खडकावर भरला होता तो खडक आणि खदानीची भिंत एकच. आम्ही पाणी खालून वर चढवत होतो, बांध ते अडवत होता, आणि ते भेगांतून निवांत चालत पुन्हा खाली येत होतं. बांध नव्हता तोवर पाणी नाल्यानं पुढं जायचं. बांध आला आणि पाण्याला परतीची वाट मिळाली. मी हे सगळं मालकाला उत्साहानं समजावलं, हवेत बोटानं वर्तुळ काढून.

त्यानं वर्तुळ पूर्ण होऊ दिलं. मग म्हणाला, "म्हंजे इतके दिवस माह्या तेलावर तुमी येकच पानी गोल फिरवून राहिले?"

"हो," मी म्हणालो. "पण आता कळलं ना."

त्यानं मला तिथल्या तिथं काढून टाकलं नाही, कारण त्याला आधी मुकादमाला थांबवायचं होतं. मुकादम आला तो सब्बल खांद्यावर घेऊन. तांबं गेलं, गिट्टी पुन्हा आली, हे त्याला चटकन कळलं. पाडव्यापर्यंतचा आपला शब्द अजून आहे, म्हणाला, आणि बांधाकडं चालू लागला. एक घाव, डोह रिकामा. पण बांधावर वाडीवाली बाई आधीच उभी होती.

"बांध फोडा म्हनून कोन म्हंते?"

मुकादमानं माझ्याकडं बोट दाखवलं.

"यानंच नारळ फोडला, यानंच भाषन केलं," ती म्हणाली. "माह्यी वांगी फुलावर आली हायेत. दिवाळीच्या बाजारात न्याची हायेत. आठ दिवस पानी नाही भेटलं तर खाक. थ्या टायमाले का या भाऊचं भाषन टाकू बुडाले?"

मी तिला भेगांचं सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं. "म्हंजे पानी मालकाचं, बांध आमचा, दगड धरतीचा. अन् भोक?" ती म्हणाली. "भोक कोनाचं?"

भोक बुजवायचं म्हणून आम्ही सगळ्यांनी डोहात काळ्या मातीची टोपली टाकून पाहिली. पण पाण्याखालची भेग कुठं आहे ते कोणाला दिसणार? मुकादम म्हणे, माझी माणसं उपाशी बसली आहेत. बाई म्हणे, माझी वांगी पण बसलीच आहेत. दोघांचं खरं होतं आणि दोघं माझ्याकडं पाहत होती. मी उन्हात उभा राहून इतका दमलो होतो की माझ्या तोंडून एवढंच निघालं, "त्याला थांबू देऊ नका."

"कोनाले?"

"पाण्याला. थांबलं की झिरपतं. चालतं ठेवा."

बोलल्यावर मलाच ते बरं वाटलं. डोह नको, पाट काढायचा. पाइपाच्या तोंडापासून भेगांची पट्टी सोडून थेट वाडीच्या बुडाशी, आणि उरलेलं पाणी पुढं खालच्या नाल्यात. तळाला काळी माती तुडवायची. आपली वऱ्हाडची माती ओली झाली की फुगते, मुंगीला वाट देत नाही. बाईनं विचारलं, साठवण नाही तर मी पाणी देऊ कधी? मी म्हणालो, पंप चालेल तेव्हा. ती म्हणाली, मग पंप मी सांगीन तेव्हा चालवायचा, पहाटे आणि ऊन उतरल्यावर; भरदुपारी वांग्याला पाणी देत नसतात. इंजनवाला चिडला, त्याच्या जावयाला आता वांग्याच्या वेळा सांभाळाव्या लागणार. पण मालकाकडं दुसरी काही खाण उरलेली नव्हती. त्यानं मान डोलावली.

पाट टोळीनं खणला. रिकामे हात किती चिडलेले असतात ते त्या दोन दिवसांत दिसलं. माती वस्तीच्या बायांनी टोपल्यांनी आणली आणि पायांनी तुडवली. उतार काढायचं काम माझ्याकडं होतं, कारण तेवढंच शास्त्र उरलं होतं. बाटलीत अर्धं पाणी भरून, ती आडवी धरून मी दोरी लावली. पाणी सोडलं तेव्हा ते थोडं पुढं गेलं, विचारात पडलं, आणि मागं फिरून पाइपाखाली जमलं. पाट चढा निघाला होता. बाटली मी उलटी वाचली होती. मुकादम हसला, त्याला मी त्याच दिवशी पहिल्यांदा हसताना पाहिलं, आणि त्याच्या माणसांनी पाट पुन्हा खणला, माझ्या बाटलीशिवाय.

मग बांध फोडला. पहिला घाव बाईनंच घातला. म्हणाली, दुसऱ्याच्या हातून कशाला. झेंडे तोवर वस्तीत चढले होते. डोह पाहता पाहता ओसरला, आणि तळाशी खडकात हात जाईल एवढी भेग. बाई वाकून आत पाहत राहिली. मीही पाहिलं. पाइपात पाहताना जसं वाटलं होतं तसंच वाटलं.

दुसऱ्या सकाळी पाणी गेरूच्या रेघेला टेकलेलं नव्हतं. त्याच्या पुढच्या सकाळी रेघ माझ्या डोक्याच्या वर होती. इंजन एक टप्पा उतरलं, मग शेवटचा. मधे एकदा पट्टा तुटला, एकदा झडपेत बेडूक अडकला. बेडूक मी काढला, आणि इंजनवाल्यानं माझ्याविषयी पहिलं चांगलं मत व्यक्त केलं. दोन खड्डे उघडे पडले. चिखल आला, चिखलाखाली मागच्या वर्षी हरवलेला एक हातोडा आला.

तरी पाडव्याच्या सकाळी मी पोचलो तर गाढवं लादलेली. पालं गुंडाळून, भांडी बांधून, पोरं वर बसवून टोळी तयार. मुकादम कोणाच्या शब्दावर ओझं उतरवणारा नव्हता, आणि माझ्या तर नाहीच. तो एकटा टप्पे उतरून तळात गेला. आम्ही वर काठावर. मालक, इंजनवाला, मी, आणि पलीकडं नाल्याच्या काठाला डोक्यावर वांग्यांची टोपली घेतलेली बाई, बाजाराला जाता जाता थांबलेली. मुकादमानं पायानं चुरी बाजूला सारली, हातोडा उचलला आणि तळाच्या दगडावर मारला. पाणी प्यालेला दगड बद्द वाजतो. हा खणखणला. त्यानं आणखी चार जागी मारून पाहिलं. चारही जागी तोच आवाज.

मग त्यानं मान वर केली आणि बायकोला हाक मारून म्हणाला, "उतरव व ते."

काठ्या पुन्हा जमिनीत ठोकल्याचा आवाज यायला लागला, आणि मालक मला सुपरवायझर म्हणाला. त्यानंतर कधी म्हणाला नाही. पण त्या दिवशी म्हणाला.

खदान कोरडी झाली म्हणजे पाणी संपलं असं नसतं, हे मला मग कळलं. खडक आपलं आपलं थोडं पाणी रोज देतच राहतो. पहाटेपर्यंत खड्डे भरतात, आणि काम सुरू व्हायच्या आत ते उपसावेच लागतात. तेवढं पाणी एका वाडीला बरोबर पुरायचं. त्यामुळं हंगामभर त्या खदानीचा पंप वांग्याच्या वेळेवर चालला. बाई पलीकडून हाक मारायची, इंजनवाला कुरकुरत हँडल मारायचा, आणि मिरच्यांचे वाफे भिजले की "पुरे हो, बंद करा," अशी दुसरी हाक. सुट्टीच्या दिवशीसुद्धा. वांग्यांना रविवार कळत नाही.

अशाच एका रविवारी मालक रिक्षातून जाताना इंजनाचा धूर पाहून थांबला. टोळी आंघोळी करून पालांपुढं बसलेली, तळ कोरडा ठणठणीत, आणि पंप सुरू. काठावरून वाकून त्यानं विचारलं, आज सुट्टीच्या दिवशी काय काढून राहिले खालून?

मी काहीतरी शास्त्रीय उत्तर जुळवत होतो. इंजनवाल्यानं वाट पाहिली नाही. बाईनं ठेवलेल्या टोपलीतलं एक वांगं त्यानं उचललं, सदऱ्याला पुसलं आणि वर धरून दाखवलं.

"तांबं, मालक."